मालक हयात नाही

पुष्पावतीला कोणी विचारलं असतं की बाई, तुला दुःख कसलं, तर तिने बेलाशक सांगितलं असतं, कसलंच नाही. मुलगा पुण्याला नोकरीला, नवरा गरीब स्वभावाचा, सावेडीत लहानसं का होईना स्वतःचं घर, आणि बंधारे महामंडळाच्या नगरच्या कचेरीत पेन्शनच्या टेबलावर कायमची नोकरी. पण कचेरीच्या फाटकातून ती पांढरी जीप बाहेर पडून मनमाड रस्त्याला लागली की या सगळ्या सुखावर विरजण पडायचं. कारण जीप कोल्हारला जायची, आणि येताना बद्रुन्निसा आपांना घेऊन यायची.

आपा याच टेबलावरून निवृत्त झाल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, ‘आपल्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ अशी भाषणं झाली. पोकळी कसली डोंबलाची? दोन महिने गेले नाहीत तोच बाई परत हजर, तेही सरकारी गाडीतून. तेव्हापासून इतकी वर्षं हेच चाललं होतं. पेन्शनचं यंत्र अडलं की जीप कोल्हारला.

ते यंत्र म्हणजे काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. आपांनी तरुणपणी फॉक्सप्रो नावाच्या भाषेत ते सगळं लिहून काढलं होतं. ती भाषा शिकवणारे मास्तरही एव्हाना पेन्शनीत गेले असतील. नवी प्रणाली येणार, येणार, असं दर वर्षी वरून कळायचं. मागे एकदा पुण्याहून रविराज नावाचा पोरगेला इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आलाही होता. त्याने जुनी माहिती आपल्या लॅपटॉपवर उघडली, तर जुन्या मराठी अक्षरांचा पार चिवडा झाला. कोणा आप्पासाहेबांच्या नावाच्या जागी दोन कंस, एक टक्क्याची खूण आणि एक डॉलर. ‘काकू, हे नक्की मराठीच आहे ना?’ असं विचारून तो चहा पिऊन गेला, तो गेलाच.

त्यामुळे जुनं यंत्र राहिलं, आणि यंत्र राहिलं म्हणून आपा राहिल्या. पुष्पावतीला हे डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपायचं. हेवा हा शब्द मात्र तिला मान्य नव्हता. ती म्हणायची, मला फक्त अन्याय सहन होत नाही.

आणि अन्याय नाही तर काय? रोज त्या खुर्चीत बसायचं हिने, म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या हिने, पण दर महिन्याला पेन्शन काढायची वेळ आली की यंत्र आधी विचारणार: ‘कोण?’ तिथे पुष्पावतीने स्वतःचं नाव घातलं तर यंत्र ढिम्म. तिथे आपांचंच नाव लागायचं. बी, ए, डी, आर, यू. हे बद्रू दाबलं की आतली दारं उघडायची. त्यातली पहिली तीन अक्षरं दाबताना पुष्पावतीला जरा बरं वाटायचं, तेवढाच काय तो दिलासा.

एकदा तिने स्वतः होऊन आपांना म्हटलंही होतं, “मला शिकवा ना हे आतलं सगळं.” आपा हसल्या होत्या. “कशाला गं डोक्याला ताप करून घेतेस? साडेपाचला सुटतेस, सुखाने घरी जा.” पुष्पावतीने त्याचा सरळ अर्थ काढला, की बाईला विद्या वाटायची नाही. किल्ली कमरेला खोचून फिरायची हौस आहे.

त्याहून जिव्हारी लागला होता तो मागच्या साहेबांच्या वेळचा प्रसंग. आपांचं काम आटोपलं, आणि साहेब स्वतः जिना उतरून त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. गाडीचं दार साहेबांनी स्वतःच्या हाताने उघडलं, आपा बसल्यावर लावलं, आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. पुष्पावतीने ते वरच्या खिडकीतून पाहिलं. तिच्यासाठी उभ्या नोकरीत साहेब कधी खुर्चीतूनसुद्धा हलले नव्हते. कितीतरी दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, “पोटात दुखतंय का?” तिने भोळेपणाने ‘हो’ म्हटलं, तर तो मिशीत हसला. तेव्हा तिला कळलं की तो ओव्याच्या दुखण्याविषयी बोलत नव्हता.

नोव्हेंबर हा म्हाताऱ्यांचा महिना. पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा कचेरीत यायचं, पुष्पावतीच्या टेबलासमोर उभं राहायचं, चेहरा दाखवायचा, सही करायची. मग पुष्पावती त्या माणसाच्या नावापुढे ‘ह’ दाबणार. ह म्हणजे हयात. महिना संपला की ज्याच्या नावापुढे ह नाही त्याला यंत्र आपोआप ‘हयात नाही’ करून टाकायचं. जानेवारीत पेन्शन आली नाही म्हणून कोणी धावत आलाच, तर पुष्पावती बद्रू दाबून त्याला पुन्हा जिवंत करायची. वर्षाला पाचदहा माणसं ती अशी उठवायची, आणि खरं सांगायचं तर त्या कामात तिला मोठा आनंद होता. हात जोडून उभा राहिलेला म्हातारा म्हणायचा, “बाई, माझं तेवढं काम करा,” आणि ती म्हणायची, “बसा, बघते.”

या वर्षीच्या नोव्हेंबरात रांग अशी जिन्यापर्यंत लागलेली असतानाच आपांना आणलं होतं. काम काय, तर जिल्ह्याचं नाव बदललं होतं. पाटी बदलली, शिक्के बदलले, पण यंत्र पेन्शनच्या पावतीवर अहमदनगरच छापत राहिलं. वरून तंबी आली. मग जीप गेली, आपा आल्या, चहा यायच्या आत अहिल्यानगर करून मोकळ्या झाल्या. पठारे साहेबांनी चहाबरोबर खास बिस्किटं मागवली. आपा जायला निघाल्या, आणि दारातूनच वळून मोठ्याने म्हणाल्या, “पुष्पा, मी हयात आहे गं! टिपून घे.”

सगळी कचेरी हसली. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “आपाच न्हाई ऱ्हायल्या तर आमची पेन्शन कोन काढनार?” पुन्हा हशा. पुष्पावतीही हसली, दात दिसतील एवढं.

तिने पडद्यावर आपांचं नाव काढलं. बोट ह वर ठेवलं. आणि ते बोट तिथेच राहिलं.

ही सगळी माणसं कुठून कुठून एस.टी.ने आलेली. कोणाचे गुडघे गेलेत, कोणाला दिसत नाही. ती रांगेत उभी राहतात. आणि ही बाई दारातून ओरडणार, की टिपून घे? मी काय हिची टिपणारी? समोर यायचं म्हणजे समोर यायचं. नियम सगळ्यांना सारखा.

नियमाचा असा कळवळा पुष्पावतीला आजवर कधी आला नव्हता. पण त्या दिवशी आला, आणि तिने बोट उचललं. तिचा हिशेब अगदी साधा होता. जानेवारीत आपांची पेन्शन जमा होणार नाही. मग बाई येतील. गाडीतून नाही, पेन्शनरासारख्या एस.टी.ने येतील. याच टेबलासमोर उभ्या राहतील आणि म्हणतील, “पुष्पावती, माझं एक काम कर.” बस्स. तेवढं एक वाक्य तिला ऐकायचं होतं. त्यानंतर ती त्यांना लगेच जिवंत करणार होती, चहासुद्धा पाजणार होती. पण ते वाक्य झाल्याशिवाय नाही.

नोव्हेंबर सरला. डिसेंबरही गेला. वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पुष्पावती पेन्शन काढायला बसली. यंत्राने विचारलं: ‘कोण?’ तिने बद्रू दाबलं.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: ‘हा माणूस हयात नाही.’

अक्षर चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा दाबलं. हा माणूस हयात नाही. तिसऱ्यांदा, एकेक अक्षर मोजून. हा माणूस हयात नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपांच्या नावापुढे ह आपणच दाबलं नव्हतं. पण घाबरायचं काय, आत्ता उठवते, म्हणून तिने आपांचं नाव काढलं आणि ह दाबलं. तर यंत्र म्हणालं, महिना बंद झालाय, मयताला हयात करायचं तर मालकाची परवानगी हवी. कोण?

मालक म्हणजे आपा. मयताला उठवायला मालक हवा, आणि मालकच मयत.

पुष्पावतीने यंत्र बंद केलं, चालू केलं. वरून फडकं मारलं. मनातल्या मनात खंडोबाला नवस बोलली. काही उपयोग झाला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पठारे साहेबांकडे गेली, की यंत्र अडलंय, जिल्ह्यातल्या एकाही पेन्शनराचं काम होत नाही. साहेबांनी कारण विचारलंसुद्धा नाही. वर न बघता ते म्हणाले, “हनुमंतला गाडी काढायला सांगा. आपांना आणा.”

म्हणजे बघा नशीब! जिला एस.टी.ने आणून रांगेत उभं करायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, ती पुन्हा गाडीतूनच येणार. आपलं कृत्य उघडं पडणार हे दिसत होतं, आणि तशातही पुष्पावतीला गाडीचाच राग आला. हेवा असा असतो. घर जळत असलं तरी तो शेजाऱ्याच्या कौलांकडे बघतो.

दुपार कलता आपा आल्या. अंगावर जाड शाल, एक हात गुडघ्यावर. जिना चढताना त्या दोनदा थांबल्या, हे पुष्पावतीने पहिल्यांदाच नीट पाहिलं. खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, यंत्राने कोण विचारलं तसं स्वतःचं नाव दाबलं.

मागे उभे असलेले पठारे साहेब वाकून वाचायला लागले. “हा माणूस हयात... हे काय आपा? तुम्ही हयात नाही?”

आपांनी ती ओळ बोट फिरवून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “साहेब, ही अट माझीच. मी नोकरीला लागले तेव्हा कुठल्याशा कचेरीत म्हणे मेलेल्या कारकुनाच्या नावावर खुशाल पेन्शनी निघत होत्या. म्हणून मी घालून ठेवलं, की मालक हयात असला तरच यंत्र चालावं.” एवढं बोलून त्यांनी मान वळवून पुष्पावतीकडे पाहिलं.

पुष्पावतीला वाटलं, आता संपलं. आता सगळ्या कचेरीसमोर वाभाडे निघणार.

“चूक माझी,” आपा साहेबांना म्हणाल्या. “नोव्हेंबरात मी समोर येऊन सही केलीच नाही. दारातूनच ओरडून गेले. पुष्पाने नियमाने केलं ते बरोबर.”

तेवढ्यात साहेबांना वरून फोन आला म्हणून ते त्यांच्या खोलीत गेले. पुष्पावतीला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला पहिला विचार आला तो असा, की बघा, मोठेपणातही हीच पुढे! माफ करायचा मानसुद्धा हिनेच घेतला.

आपांनी आवाज खाली आणला. “मुद्दाम केलंस?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि माहेरून, कर्जतहून, आल्यापासून कचेरीत कधी न काढलेला शब्द पुष्पावतीच्या तोंडून निघाला. “व्हय.”

“का गं?”

“का म्हणजे?” पुष्पावतीचा बांधच फुटला. “मी रोज इथे मरमर करायची, आणि तुमच्यासाठी गाडी! तुमच्यासाठी बिस्किटं! साहेब तुम्हाला खाली पोचवायला जातात, गाडीचं दार उघडतात. माझ्या नावाने हे यंत्र हलतसुद्धा नाही. शिकवा म्हटलं तर तुम्ही हसलात. लई जळलं माझं, आपा. एकदा तरी तुम्ही माझ्यासमोर येऊन काम सांगावं, म्हणून केलं.”

आपा हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. शाल सारखी करत म्हणाल्या, “साहेबांनी गाडीचं दार उघडलं, तो दिवस आठवतो तुला?”

“विसरेन होय?”

“त्या दिवशी आमच्या यांना, चांदभाईंना, सकाळपासून दम लागला होता. मी नाही म्हणत होते, पण साहेबांचा फोनवर फोन, पेन्शनी अडल्यात म्हणून. चांदभाईच म्हणाले, जा, म्हातारी माणसं वाट बघतात. मी इथे बसून काम केलं. मग घरून फोन आला तो साहेबांनी घेतला. म्हणून ते खाली आले, म्हणून त्यांनी दार उघडलं. त्यांना माझ्याकडे बघवेना. गाडीने राहुरी ओलांडायच्या आत चांदभाई गेले.”

पुष्पावतीला चांदभाई गेल्याचं माहीत होतं. आठवड्याने ती भेटायलाही गेली होती. पण तो दिवस आणि गाडीच्या दाराचा दिवस एकच, हे तिने कधी जुळवूनच पाहिलं नव्हतं.

“माझ्या लेकीच्या, सिमरनच्या, मेंदीच्या दिवशी गाडी दारात. ईदला शिरखुर्मा ढवळत असताना गाडी दारात,” आपा सांगत होत्या. “गावाला वाटतं, काय बाईचा मान! आणि गाडी फाटकातून आत येते ना, तेव्हा मी या खिडकीकडे बघते. तू बसलेली असतेस. मी मनात म्हणते, ही बया साडेपाचला डबा उचलून चालू लागेल, हिला कोणी हाक मारणार नाही. जळायचं माझंही, पुष्पा. तुला शिकवलं नाही ते काही विद्या झाकायला नाही. हे झेंगट तुझ्या गळ्यात कशाला बांधू, म्हणून.”

मग त्या जरा पुढे वाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव घेऊन म्हणाल्या, “पुष्पावती, माझं एक काम कर.”

तेच वाक्य. जसंच्या तसं. पण पुष्पावतीला ‘बसा, बघते’ म्हणायचं सुचलंच नाही.

“मला पेन्शनपुरती जिवंत कर,” आपा म्हणाल्या. “बाकी मेलेलीच राहू दे.”

त्यांनी यंत्राच्या पोटात कुठून शिरायचं ते दाखवलं. मालकाच्या जागी असलेलं स्वतःचं नाव पुसलं आणि खुर्चीतून उठून पुष्पावतीला तिथे बसवलं. पी, यू, एस, एच, पी, ए. मग यंत्र नव्याने चालू केलं. ‘कोण?’ पुष्पावतीने स्वतःचं नाव दाबलं, आणि दारं उघडली. आधी तिने आपांच्या नावापुढे ह दाबलं. छपाईचं यंत्र करकरायला लागलं, पावत्यांची पट्टी खाली लोंबायला लागली. पठारे साहेब बाहेर येऊन म्हणाले, “वा, पुष्पावतीबाई! म्हणजे आता आपल्या इथेच सोय झाली.” पुष्पावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की शरमेचं, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

पुढे कितीतरी शनिवार ती एस.टी.ने कोल्हारला गेली आणि आपांकडून फॉक्सप्रोची आडवळणं शिकून आली. हेव्याने शिकणारा माणूस लवकर शिकतो. उन्हाळ्यापर्यंत कचेरीत आपांचं नाव निघेनासं झालं, आणि जो तो म्हणायला लागला, “पुष्पाबाईंना विचारा.”

मे महिन्यात तिच्या भाचीचं, अश्विनीचं, लग्न निघालं. हळद कर्जतला, भावाच्या अंगणात. पुष्पावती आत्या म्हणून पुढे होती, हाताला कोपरापर्यंत हळद. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी जीप येऊन थांबली. हनुमंत उतरला. “म्याडम, साहेबांनी बोलीवलंय. तुमचा फोन लागंना. यंत्र अडलंय, पेन्शनी थांबल्यात.”

मांडवातल्या सगळ्या बायकांच्या माना वळल्या. भावजय मोठ्याने म्हणाली, “बघा, आमच्या वन्संवाचून सरकारचं पान हालत न्हाई!” पुष्पावतीची मान ताठ झाली. ज्या दिवसाची तिने इतकी वर्षं वाट पाहिली, तो हा दिवस होता. हनुमंतने दार उघडलं, ती बसली, त्याने दार लावलं. सगळी गल्ली बघत होती. काचेतून तिला अश्विनी दिसली. पाटावर बसून पोरगी रिकाम्या नजरेने गाडीकडे बघत होती. हळद लावायला पुढचा हात कोणाचा, यावर बायकांचं बोलणं सुरूही झालं होतं.

मिरजगावच्या अलीकडे तिने फोन काढला. हळदीच्या बोटांनी पडदा पिवळा झाला. आपांनी सकाळीच फोटो टाकला होता. कोल्हारच्या घाटावर प्रवरेच्या पाण्यात पाय सोडून आपा बसल्या होत्या, मांडीवर नात मेहविश, आणि दोघींच्या हातात एकेक जांभळाचा द्रोण. तोंडं जांभळी झालेली. त्या बाईला आज कुठेही जायचं नव्हतं.

पुष्पावतीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि पोटावर हात दाबला.

हनुमंतने आरशातून पाहिलं. “काय हुतंय म्याडम?”

“काही नाही. जरा पोटात दुखतंय.”

“आपांचंबी ह्या गाडीत बसलं की पोट दुखायचं,” हनुमंत म्हणाला. “दर टायमाला.”

त्याने गाडी नगरच्या रस्त्याला घातली.